बाळंतपणात बाळाला इजा झाली असेल, तर भरपाईचा दावा कसा उभा राहतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा चौदा महिन्यांचा. खासगी रुग्णालयात पहिलं बाळंतपण, रात्रभर कळा, पहाटे व्हॅक्यूम लावून प्रसूती. बाळ लगेच रडलं नाही, दुसऱ्या रुग्णालयात हलवलं, तिथे काही दिवस काचेत होतं. आता बालमेंदूतज्ज्ञांनी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व, सांगितली आहे. रुग्णालय म्हणतं, असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. नातेवाईक म्हणतात, केस टाका. भरपाई मिळते का, कुठे मागायची, किती मागायची, आणि किती वर्षं जातात?

भरपाई मिळू शकते. पण मुलाला अपंगत्व आलं एवढ्या एका गोष्टीवर ती मिळत नाही, आणि बहुतेक दावे इथेच फसतात. तक्रारीत दहा पानं मुलाच्या हालांची असतात आणि त्या रात्रीबद्दल चार ओळी. ग्राहक आयोगाला किंवा न्यायालयाला दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध करून हव्या असतात: डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाने, त्या जागी साधारण कुशलतेचा माणूस वागला असता तसं वर्तन केलं नाही, आणि नेमकं त्यामुळेच ही इजा झाली. या दोन्हींचं उत्तर कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या तासांत असतं. किती वाजता कोणी काय पाहिलं, काय केलं, काय करायचं राहिलं. दावा त्या तासांवर उभा राहतो.

आधी घाईची गोष्ट सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तुमच्या मुलाला चौदा महिने झाले, म्हणजे हातात दहा महिने आहेत. ऐकायला भरपूर वाटतात, पण कागद मिळवणं, ते तज्ज्ञाला दाखवणं आणि त्याचं लेखी मत हातात पडणं यातच निम्मे निघून जातात. निदान उशिरा झालं म्हणून मुदत निदानापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो. इजा लगेच दिसण्यासारखी नसेल तर ती कळल्याच्या तारखेपासून मुदत मोजण्याचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विचारात घेतलं होतं. पण त्याच प्रकरणात तक्रारदाराने पुरेशी तत्परता दाखवली नाही म्हणून तक्रार बाद ठरली. उशीर माफ करण्याची तरतूदही आहे, पण कारण पटवावं लागतं. शहाणपण यात आहे की जन्मतारखेपासून दोन वर्षं धरायची आणि त्याच्या आत दाखल करायचं. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असताना मुदत थांबते असं तुम्हाला कोणी सांगेल. मुदत अधिनियम, १९६३ मधली ती सवलत दिवाणी दाव्यात मुलाच्या स्वतःच्या हक्काला मिळते आणि तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षांपर्यंत जाते. आईवडिलांच्या स्वतःच्या मागणीला ती मिळत नाही, आणि ग्राहक आयोगातल्या दोन वर्षांना ती आपोआप लागू होते असं धरून बसू नका. शिवाय अठरा वर्षांनी कागद कुठून आणणार? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आहे. त्यापुढे फाईल रद्दीत गेली तर हात चोळत बसावं लागतं.

तर कागद. त्याच आचारसंहितेत लिहिलं आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केली की ७२ तासांत नोंदी द्यायच्या. मागणी तोंडी करू नका. पत्नीच्या नावाने लेखी अर्ज करा, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि ईमेलही करा. बाळाच्या नोंदींसाठी वेगळा अर्ज करा, कारण अनेक ठिकाणी आईची फाईल आणि बाळाची फाईल वेगळी असते आणि मागितली नाही तर फक्त पहिली मिळते. अर्जात "केसपेपर द्या" एवढंच लिहिलं की डिस्चार्ज कार्ड हातात ठेवतात. नावं घेऊन मागा: गरोदरपणातल्या तपासण्यांचे पेपर आणि सोनोग्राफी, दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, पार्टोग्राफ (कळांची प्रगती दाखवणारा आलेख), बाळाच्या ठोक्यांची नोंद आणि सीटीजीच्या (ठोके आणि कळा कागदावर नोंदणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्या, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, लेबर रूमचं रजिस्टर, भूल दिली असेल तर भूलतज्ज्ञाची नोंद, बाळाला दिलेल्या पुनरुज्जीवनाची नोंद, आणि दुसऱ्या रुग्णालयात पाठवतानाची चिठ्ठी. रुग्णालय सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारातही मागता येतं.

हे करताना भांडू नका, "केस करणार आहोत" असंही सांगू नका. "पुढच्या उपचारांसाठी डॉक्टरांनी मागितले आहेत" हे खरंच आहे, तेवढंच पुरे. धमकी दिल्यावर आलेली फाईल बऱ्याचदा फार सुवाच्य असते, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली. तशी आली तरी फेकून देऊ नका. नर्सची नोंद आणि डॉक्टरांची नोंद यांच्या वेळा जुळतात का, औषधाच्या दुकानाच्या बिलावरची वेळ कळांच्या इंजेक्शनच्या नोंदीशी जुळते का, तुमच्या फोनमधले त्या रात्रीचे कॉल आणि मेसेज काय सांगतात, हे सगळं शेजारी शेजारी मांडून पाहायचं असतं.

माझ्या अनुभवात सगळ्यात प्रामाणिक कागद पहिल्या रुग्णालयात नसतो. तो दुसऱ्या रुग्णालयाचा दाखल करतानाचा पहिला कागद असतो. तिथल्या बालरोगतज्ज्ञाला स्वतःची कातडी वाचवायची नसते, त्याला फक्त बाळ कुठल्या अवस्थेत आलं ते लिहायचं असतं. बाळ किती मिनिटांनी रडलं, श्वासासाठी नळी घालून आलं की पिशवीने हवा देत, पहिली फिट कधी आली, रक्तातला आम्लपणा किती होता, पोटात शी केलेलं पाणी फुप्फुसात गेलं होतं का, हे तिथे सापडतं. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर "बाळ जन्मताच रडले" आणि दुसऱ्याच्या पहिल्या पानावर "जन्मानंतर रडले नाही, सात मिनिटे पुनरुज्जीवन" असं असेल, तर तुमच्या दाव्याची पहिली वीट तिथे बसली.

कागद हाती आले की तासांचा तक्ता करा. डाव्या बाजूला वेळ, मग काय घडलं, मग ते कुठल्या पानावर आहे. शेवटच्या रकान्यात, त्या वेळी काय व्हायला हवं होतं. उदाहरणार्थ, कळा नीट सुरू झाल्यावर बाळाचे ठोके पहिल्या टप्प्यात निदान दर अर्ध्या तासाने आणि जोर देण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. फाईलमध्ये रात्री साडेअकरा ते पहाटे चार एकही नोंद नसेल, तर ती रिकामी जागा हाच तुमचा पुरावा. कळा वाढवायचं इंजेक्शन चालू असताना ठोके घसरले, पाणी हिरवट आलं, तरी ठिबक तसंच चालू राहिलं, असं दिसलं तर तो मुद्दा आणखी भक्कम. सिझरचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आलं, मधला वेळ कशात गेला? डॉक्टर घरून फोनवर सूचना देत होते का? व्हॅक्यूम किती वेळा लावला, किती वेळा निसटला, मग चिमटा लावला का? डोकं आल्यावर खांदे अडकले असतील तर कोणत्या युक्त्या कोणत्या क्रमाने केल्या, याची नोंद आहे की नुसतं "कठीण प्रसूती" लिहिलं आहे?

आता कडू भाग. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक मुलांत मेंदूची इजा प्रसूतीच्या तासांत झालेली नसते. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, पोटात वाढ नीट न होणं, आईला झालेला संसर्ग, मेंदूच्या घडणीतले दोष, आनुवंशिक आजार, अशी अनेक कारणं असतात. हे रुग्णालयाचा वकील पहिल्याच लेखी कैफियतीत म्हणणार, आणि विज्ञान त्याच्या बाजूने आहे. त्यामुळे तुमच्या मुलाची इजा त्याच काही तासांतली आहे हे तुम्हाला दाखवावं लागेल. अमेरिकेतल्या स्त्रीरोग आणि बालरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये यासाठी एकत्रितपणे मांडलेल्या खुणा भारतातही तज्ज्ञ वापरतात: पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला अपगार गुण (जन्मताच बाळाच्या स्थितीला दहापैकी दिलेले गुण) पाचपेक्षा कमी, नाळेच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७ च्या खाली, मूत्रपिंड, यकृत, हृदय अशा इतर अवयवांवरही परिणाम, आणि एमआरआयमध्ये ऑक्सिजन कमी पडल्याचा ठरावीक नमुना.

एमआरआय तर जवळजवळ घड्याळच. ऑक्सिजन अचानक पूर्ण तुटला, म्हणजे नाळ बाहेर आली, वार आधीच सुटली, गर्भपिशवी फाटली, तर मेंदूच्या खोलातल्या गाठींना इजा दिसते. तासन्‌तास थोडा थोडा कमी पडत गेला तर रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचे भाग मार खातात. पहिल्या प्रकारात रुग्णालय म्हणेल की वेळच मिळाला नाही. दुसऱ्या प्रकारात तसं म्हणणं अवघड जातं, कारण इशारे देणारे तास होते. म्हणून तुमच्या मुलाचा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी मिळवा, नुसता अहवाल नको. झाला नसेल तर आता केलेल्या एमआरआयमध्येही जुन्या व्रणांचा नमुना दिसतो. तो अगदी सामान्य आला, तर दाव्याचा फेरविचार करा. जनुकीय तपासणी सुचवली असेल तर ती टाळू नका. उलटतपासणीत "केली का नाही?" हा प्रश्न येतो, आणि टाळणं संशयास्पद दिसतं.

एक सूचना, कारण इंटरनेटवर वाचून अनेक पालक हाच मुद्दा घेऊन येतात: "बाळाला थंड ठेवण्याचा उपचार दिला नाही." श्रीमंत देशांत पहिल्या सहा तासांत सुरू करून ७२ तास बाळाचं तापमान उतरवतात हे खरं आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या हेलिक्स चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि तिथे या उपचाराने फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. हा मुद्दा पुढे केलात तर समोरचा तज्ज्ञ हीच चाचणी पुढे करेल आणि तुमचे चांगले मुद्देही त्यासोबत हलके होतील.

हात लुळा पडण्याची प्रकरणं, म्हणजे खांदा अडकल्यामुळे मानेजवळच्या नसांना ताण बसून झालेली अर्ब पाल्सी, कार्यकारणाच्या बाजूने सोपी असतात. हात कधी लुळा पडला याबद्दल फारसा वाद होत नाही. तिथे लढाई होते ती आईला मधुमेह होता का, बाळ मोठं आहे हे सोनोग्राफीत दिसत होतं का, आणि सिझरचा पर्याय सांगितला होता का यावर. त्या पालकांना एवढंच सांगेन की दाव्याच्या नादात नसांच्या शस्त्रक्रियेचे महिने घालवू नका. ती पहिल्या वर्षातच करायची असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत डोळ्याच्या पडद्याची तपासणी वेळेवर न होणं हा आणखी एक प्रकार, त्याचं उदाहरण पुढे रकमेच्या संदर्भात येतंच.

तज्ज्ञाचं मत लागतं का? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत ते सक्तीचं नाही. पोटात कापूस राहिला तर कुणा तज्ज्ञाने सांगायची गरज नसते. पण मेंदूच्या इजेच्या प्रकरणात मताशिवाय जाणं म्हणजे हात बांधून कुस्तीला उतरणं. एक नव्हे, दोन मतं लागतात: प्रसूतीतज्ज्ञाचं, चूक झाली का यावर, आणि बालमेंदूतज्ज्ञाचं किंवा नवजात शिशुतज्ज्ञाचं, इजा त्यामुळेच झाली का यावर. आपल्याच शहरातला डॉक्टर आपल्याच शहरातल्या डॉक्टराविरुद्ध लिहून देत नाही, त्याचा राग धरू नका. निवृत्त प्राध्यापक किंवा दुसऱ्या राज्यातले तज्ज्ञ बघा. त्यांना तुमची बाजू सांगू नका, तासांचा तक्ता आणि कागद द्या. मत विरुद्ध आलं तर ते गिळा. त्या फीच्या मोबदल्यात तुमची काही वर्षं वाचली.

आयोग स्वतः प्रकरण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवतो, असंही होतं. तिथून "उपचारात निष्काळजीपणा आढळून येत नाही" अशी दोन ओळींची चिठ्ठी आली तर संपलं असं समजू नका. खरी काळजी त्याआधी घ्यायची असते. समितीला नेमके प्रश्न पाठवावेत असा अर्ज द्या. ठोक्यांची नोंद अमुक ते अमुक वेळेत का नाही, तशी नसणं प्रचलित पद्धतीला धरून आहे का, ठोके घसरल्यावर किती मिनिटांत प्रसूती व्हायला हवी होती. प्रश्न नेमका असला की उत्तर मोघम देता येत नाही, आणि दिलं तरी आयोग त्यावर बांधील नसतो.

कुठे जायचं, याचं तुमच्यापुरतं उत्तर सोपं आहे: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. बिल विमा कंपनीने किंवा नोकरीच्या ठिकाणाने भरलं असेल तरी चालतं. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात हेही ठरलं की लहान मूल आणि त्याचे आईवडील असे दोघेही ग्राहक आहेत, दोघांना वेगळी भरपाई मागता येते. कोणत्या आयोगात जायचं हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तुम्ही रुग्णालयाला दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोग, मग भरपाई तुम्ही दोन कोटी मागा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचं शुल्कही नाही. आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, रुग्णालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. रुग्णालय, प्रसूती करणारे डॉक्टर आणि त्यांच्या व्यवसाय विम्याची कंपनी, सगळ्यांना सामनेवाले करा. बाहेरून बोलावलेले डॉक्टर होते, आमचे नोकर नव्हते, हा रुग्णालयाचा बचाव सहसा टिकत नाही.

सगळ्यांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयात प्रसूती झाली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होता. केसपेपरचे पाच-दहा रुपये भरल्याने तो उघडत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो, सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस देऊन, किंवा चूक स्वच्छ दिसत असेल तर उच्च न्यायालयात थेट रिट याचिका. सरकार हात झटकू शकत नाही, हे १९९६ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयातल्या एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरून सांगितलं आहे.

पोलीस आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद यांबद्दल थोडक्यात. परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही. फौजदारीत चूक घोर स्वरूपाची असावी लागते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांना आधी निष्पक्ष वैद्यकीय मत घ्यावं लागतं. ते विरुद्ध गेलं की तोच कागद तुमच्या ग्राहक तक्रारीत तुमच्यासमोर येतो. राग असतो, मला कळतं. पण मुलासाठी पैसा उभा करायचा असेल तर हे दोन्ही रस्ते मी पहिले धरायला सांगत नाही.

आता रक्कम. इथे पालकांचे वकील एक ढोबळ आकडा लिहितात, ५० लाख किंवा एक कोटी, आणि त्यामागे काही नसतं. मग आयोग स्वतःच्या अंदाजाने पाच-दहा लाख देतो. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची तपासणी करायला सांगितलंच गेलं नाही आणि तिची दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पाच लाख दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते सुमारे एक कोटी ८० लाखांवर नेले, कारण तिथे झालेला खर्च आणि आयुष्यभराचा पुढचा खर्च वेगळा काढला आणि महागाई धरली. मेहनत अशी हवी.

मुलाच्या एका वर्षाचा खर्च मांडा. फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपी, फिटची औषधं, स्नायू सैल करणारी इंजेक्शनं, पायातले स्प्लिंट, उभं करायची चौकट, खुर्ची, आणि हे सगळं मूल वाढेल तसं दर दीड-दोन वर्षांनी बदलावं लागतं. नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया पुढे लागू शकते. विशेष शाळा, येण्याजाण्याची गाडी, घरातले बदल. प्रत्येक ओळीला उपचारकाचं लेखी अनुमान जोडा. मुलाच्या हालचालीच्या क्षमतेची पाच पातळ्यांची श्रेणी असते. ती साधारण दोन वर्षांनंतर स्थिर धरतात, तेव्हा दाखल करताना आताची लिहा आणि नंतर नवा दाखला प्रतिज्ञापत्रासह द्या.

मदतनिसाचा खर्च सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. आई करतेच की, असं सगळे गृहीत धरतात, आईसुद्धा. २०२० मध्ये अपघातात पूर्ण परावलंबी झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार गुणायचा आकडा) १८, असे २१ लाख ६० हजार रुपये याच शीर्षकाखाली दिले. आणि तिच्या भावी कमाईसाठी कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं. ते मोटार अपघाताचं प्रकरण होतं, पण हिशोबाची पद्धत दाखवायला चालते. आज तुमच्या भागात मदतनीस कितीला मिळतो याचं सेवा पुरवणाऱ्या संस्थेचं पत्र जोडा. गुणक पद्धतीच लावली पाहिजे असं वैद्यकीय प्रकरणात बंधन नाही, हे २०१३ च्या कोलकात्याच्या प्रसिद्ध प्रकरणात ठरलं, म्हणून गरज गुणकापेक्षा जास्त असेल तर ती थेट मांडा. तुमच्या पत्नीने नोकरी सोडली असेल तर तिच्या पगाराच्या पावत्या आणि राजीनामा ठेवा. मुलाच्या वेदना, आईवडिलांचा मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च ही शीर्षकं वेगळी. व्याज मागायला विसरू नका, तक्रारीच्या तारखेपासून. साधारण ६ ते ९ टक्के मिळतं आणि वर्षं लांबली की ते क्षुल्लक राहत नाही.

वर्षं लांबतातच. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिले आहेत. जिल्हा आयोगात तीन-चार वर्षं, मग राज्य आयोगात अपील, असं मनात धरा. सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला ३० आणि वर १५ दिवस मिळतात. त्यापुढे एकही दिवस नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं, त्यामुळे ४६ व्या दिवशी आलेल्या कैफियतीला हरकत घ्या. अपिलात जाण्यासाठी रुग्णालयाला मंजूर रकमेची निम्मी रक्कम भरावी लागते. जपानमध्ये २००९ पासून अशा मुलांसाठी कुणाची चूक आहे हे न विचारता ठरावीक रक्कम देणारी योजना आहे. आपल्याकडे तशी नाही, म्हणून हा सगळा लांबचा वळसा.

या काळात मूल थांबत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढा, राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना घ्या, जिल्ह्यातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. "या सवलती घेतल्या तर भरपाई कमी होईल" ही भीती निराधार आहे. उलट उपचार नियमित घेतल्याच्या नोंदी दाव्याला बळ देतात, आणि खंड पडला तर समोरचा वकील त्यावर बोट ठेवतो.

वकिलाबद्दल एक सावधगिरी. "आता काही देऊ नका, मिळालेल्या रकमेतले तीस टक्के माझे" असं सांगणारा भेटेल. निकालाच्या रकमेत हिस्सा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. ठरावीक फी ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, लिहून घ्या. जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तुमच्या प्रकरणात तक्रारदार तेच आहेत.

तडजोडीचा प्रस्ताव कधीही येऊ शकतो, बऱ्याचदा नोटीस पोचल्यावर लगेच. "बिल माफ करतो, दोन लाख देतो, इथे सही करा" असं असेल तर त्या कागदावर "यापुढे कोणतीही तक्रार नाही" हे वाक्य असतंच. सही करू नका. चांगला प्रस्ताव मात्र झिडकारू नका. खटल्याला लागणारी वर्षं आणि हरण्याची शक्यता वजा करून त्याची किंमत बघा. मुलाच्या वतीने वादमित्र म्हणून तुम्ही तडजोड केलीत तर तिला न्यायालयाची परवानगी लागते, दिवाणी दाव्यात ते स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि आयोगापुढेही तडजोड नोंदवूनच घ्यावी. मुलाच्या वाट्याची रक्कम बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जाते. आदेशातच दोन गोष्टी लिहून मागा: दर महिन्याचं व्याज उपचारासाठी तुमच्या खात्यात जमा व्हावं, आणि शस्त्रक्रियेसारख्या खर्चाला मुद्दल काढायची परवानगी अर्जावर मिळावी. मुलगा अठरा वर्षांचा झाला की तुमचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं आणि बँक त्याची सही मागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तो अर्ज कधी करायचा हे त्या मुदत ठेवीच्या पावतीसोबतच लिहून ठेवा.